दिवा लावल्यावर फुलणारा पळस : साध्या लॅम्पशेडवर रंगकाम

लॅम्पशेड रंगवायला घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते : हे चित्र दोन वेगवेगळ्या उजेडांत दिसणार आहे. दिवसा खिडकीतला उजेड बाहेरून कापडावर पडतो, तेव्हा ते कुठल्याही कापडावरच्या चित्रासारखं दिसतं. रात्री बल्ब लागला की उजेड आतून येतो आणि रंगांचा सगळा हिशेब फिरतो. दिवसा चमकणारी सोनेरी वेल काळी पडते. पांढऱ्या रंगाने काढलेला मोगरा राखाडी डाग होऊन बसतो. आणि दिवसा फिका वाटलेला नारिंगीचा पातळ हात मात्र निखाऱ्यासारखा पेटतो.

कारण साधं आहे. काही रंग उजेडाला आपल्यातून जाऊ देतात, काही अडवून धरतात. कागदावर किंवा भिंतीवर हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिथे मागून उजेड येतच नाही. शेडवर सगळा खेळ याच फरकाचा आहे. म्हणून माझा आग्रह असा, की शेडवरचं चित्र रात्रीसाठी काढावं आणि दिवसा ते नीटनेटकं दिसेल एवढं सांभाळावं. उलट केलंत तर मेहनत वाया जाते, कारण माणूस दिव्याकडे बघतो तो दिवा लागलेला असतानाच.

चित्र कोणतंही चालेल, पण या लेखात मी पळसाची फुललेली फांदी घेतली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेल्या, वेड्यावाकड्या काळपट फांद्यांवर नारिंगी-केशरी फुलांचे घोस लागतात. फांदी आणि फुलाचा देठाकडचा मखमली पेला उजेड अडवणाऱ्या गडद रंगात, तर पाकळ्या उजेड सोडणाऱ्या पातळ रंगात. आतून दिवा लागावा यासाठीच जणू या झाडाची रंगसंगती झाली आहे. शिवाय पळसाच्या फुलातला मध प्यायला पक्षी येतात. त्यांचा उपयोग आपण शेवटी करणार आहोत.

शेड कशी निवडावी

पहिल्यांदा करत असाल तर सरळ दंडगोल आकाराची, पांढऱ्या किंवा दुधी सुती कापडाची शेड घ्या. व्यास २५ ते ३० सेंमी आणि उंची २० ते २२ सेंमी असली की हात मोकळा फिरतो. बाजारातल्या बहुतेक दंडगोल शेडमध्ये कापड आतून प्लॅस्टिकच्या पातळ, दुधी पत्र्यावर चिकटवलेलं असतं. अशी शेड रंगवायला सर्वात सोपी, कारण कापड ताणलेलं राहतं आणि रंग आरपार जात नाही. दुसरा प्रकार तारेच्या सांगाड्यावर शिवलेल्या मऊ शेडचा. त्यात हात दाबला की कापड आत जातं, आणि दिवा लावल्यावर सांगाड्याच्या उभ्या तारांच्या सावल्या दिसतात. ती घेणारच असाल तर तारा कुठे आहेत ते आधी बघा आणि मुख्य फांद्या नेमक्या त्या तारांवरून न्या. तार फांदीत लपून जाते.

विकत घेताना कापडाच्या आतल्या कडेवर पाण्याचा एक थेंब सोडून बघा. थेंब कापडात मुरला तर रंग बसेल. मोत्यासारखा वर तरंगत राहिला तर कापडावर लेप आहे किंवा ते पूर्ण कृत्रिम धाग्याचं आहे. त्यावर पातळ रंग ओघळेल. अशी शेड सोडून द्या. मांजरपाट किंवा खादीची शेड दिसायला छान, पण मांजरपाटाचा मूळ पिवळसर रंग आतून उजेड आल्यावर आणखी पिवळा होतो आणि निळे-हिरवे रंग मळकट दिसतात. पळसासाठी तो पिवळेपणा उपयोगीच पडतो. तागाच्या शेडवर बारीक काम टिकत नाही, कारण विणीतल्या भोकांतून उजेडाचे ठिपके येतात आणि रेषा तुटते.

प्रत्येक शेडला एक उभा सांधा असतो, जिथे कापडाची दोन टोकं एकमेकांवर चढवलेली असतात. दिवसा तो लक्षातही येत नाही. दिवा लावला की दुहेरी कापडाची सरळ गडद पट्टी उठून दिसते. आपल्या झाडाचं जाड खोड याच पट्टीवर काढायचं.

रंग, आणि रंगाची खरी परीक्षा

कापडासाठीचे ॲक्रिलिक रंग, म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात लहान बाटल्यांत मिळणारे फॅब्रिक कलर, या कामाला पुरेसे आहेत. फेव्हिक्रिल, कॅमलिन कुठलेही घ्या. सोबत त्याच कंपनीचं मीडियम नक्की घ्या. ती पांढरट, चिकट दिसणारी बाटली अनेकजण सोडून देतात. आपल्याला रंग पातळ करायचा आहे, पण पाण्याने नाही. पाण्याने पातळ केलेला रंग धाग्याधाग्याने पसरतो, कडा फुटतात आणि वाळल्यावर भोवती पाण्याची कड उमटते. मीडियमने पातळ केलेला रंग जिथे लावाल तिथेच राहतो, फक्त फिका आणि पारदर्शक होतो. एक भाग रंगाला दोन भाग मीडियम असं सुरुवातीला धरा.

ऑइल पेंट मात्र नको. त्यातलं तेल कापडात पसरून रंगाभोवती पिवळी वलयं येतात, आणि दिव्याच्या उबेने वास येत राहतो. वरून लाखेचा किंवा व्हार्निशचा फवाराही मारू नका.

पारदर्शक आणि अपारदर्शक रंग ओळखायचे कसे? चित्रकारांसाठीच्या बऱ्याच ट्यूबवर एक छोटा चौकोन छापलेला असतो. तो रिकामा असेल तर रंग पारदर्शक, अर्धा भरलेला असेल तर मधला, आणि पूर्ण भरलेला असेल तर अपारदर्शक. फॅब्रिक कलरच्या बाटलीवर ही खूण सहसा नसते. सर्वसाधारणपणे क्रिमसन, मॅजेंटा, थॅलो निळा, थॅलो हिरवा, प्रशियन ब्लू आणि गर्द जांभळा हे रंग उजेड सोडतात. पांढरा, काळा, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, गेरूच्या जातीचे लालसर मातकट रंग आणि सोनेरी-चंदेरी चमकीचे सगळे रंग उजेड अडवतात. पिवळा आणि नारिंगी मात्र बाटलीबाटलीत वेगळे निघतात. ज्यात पांढरा मिसळलेला असतो तो नारिंगी दिवसा खुलतो आणि रात्री विटकरी दिसतो.

म्हणून परीक्षा घ्यायची. शेडच्या कापडासारखाच सुती पांढरा तुकडा भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून बसवा. प्रत्येक रंगाचे तीन पट्टे ओढा : पहिला बाटलीतल्यासारखा दाट, दुसरा मीडियममध्ये पातळ केलेला, तिसरा पातळ रंगाचेच दोन हात. प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने नाव लिहा. पूर्ण वाळू द्या. मग खोलीत अंधार करून रिंगच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरा. कोणत्या पट्ट्यातून उजेड येतो आणि कोणता काळवंडतो ते लगेच कळतं. हा तुकडा फेकू नका; पुढच्या प्रत्येक दिव्याच्या वेळी तो कामाला येतो.

या परीक्षेतून दोन नियम निघतात. रंग फिका करायचा असेल तर त्यात पांढरा घालायचा नाही, मीडियम घालायचं. चित्रातला पांढरा म्हणजे न रंगवलेलं कापड. आणि रंग गडद करायचा असेल तर काळा मिसळण्याऐवजी त्याच रंगाचा दुसरा पातळ हात द्यायचा.

पळसासाठी लागणारे रंग मोजकेच आहेत : पारदर्शक पिवळा, क्रिमसन, काळा, बर्न्ट सिएना किंवा गडद तपकिरी. नारिंगी विकत न घेता पिवळ्यात थोडा-थोडा क्रिमसन मिसळून बनवा, म्हणजे त्यात पांढरा नाही याची खात्री राहते. ब्रश तीन हवेत : ० नंबरचा आणि ४ नंबरचा गोल, आणि खोडासाठी अर्धा इंची सपाट. मास्किंग टेप, जुना टॉवेल, चिनीमातीची बशी, हे घरात असतंच.

बल्ब

फक्त एलईडी बल्ब. तारेचा जुना बल्ब इतका तापतो की हात लावता येत नाही, आणि त्या उष्णतेने आतलं प्लॅस्टिक पिवळं पडतं, ठिसूळ होतं. टेबललॅम्पला ५ ते ७ वॅटचा एलईडी पुरतो. चित्र दाट असेल तर ९ वॅटचा लावा. होल्डरवर लिहिलेल्या वॅटच्या वर जाऊ नका, आणि बल्ब कापडाला टेकणार नाही, शेडचं वरचं तोंड उघडं राहील हे बघा.

खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे घराघरांत ६५०० चेच बल्ब लागलेले असतात. पळसाला, गुलमोहराला, दिवाळीच्या रंगांना पिवळसर उजेड लागतो. निळ्या समुद्राचं चित्र त्याच बल्बखाली हिरवट-राखाडी दिसेल, तिथे ४००० केल्विनच्या आसपासचा बरा. रंग निवडण्याआधी बल्ब निवडा आणि परीक्षाही शक्यतो त्याच बल्बच्या उजेडात घ्या.

आराखडा कागदावर

दंडगोल उलगडला की आयत होतो. शेडच्या बाहेरून शिवणाचा टेप गुंडाळून घेर मोजा. ३० सेंमी व्यासाच्या शेडचा घेर सुमारे ९४ सेंमी भरतो. तेवढा लांब आणि शेडएवढा उंच कागद कापा. वर्तमानपत्राची पानं जोडली तरी चालतं, पण पुढची युक्ती वापरायची असेल तर पातळ पांढरा कागद किंवा बटर पेपर घ्या.

शेड वर निमुळती असेल तर कागद कमानीसारखा वळतो. सोपा उपाय म्हणजे मोठा कागद जमिनीवर पसरायचा, शेड सांध्यावर आडवी ठेवायची आणि हळूहळू लोळवत वरच्या व खालच्या कडेमागे पेन्सिल फिरवत न्यायची. सांधा परत जमिनीला टेकला की थांबायचं. मोजून काढायचं असेल तर गणित असं : खालचा व्यास ३० सेंमी, वरचा २० सेंमी आणि तिरकी उंची २० सेंमी आहे असं धरा. तिरकी उंची गुणिले खालचा व्यास, भागिले दोन व्यासांतला फरक, म्हणजे २० × ३० ÷ १० = ६० सेंमी. ही बाहेरच्या कमानीची त्रिज्या. त्यातून तिरकी उंची वजा केली की आतल्या कमानीची ४० सेंमी त्रिज्या मिळते. या मापाच्या शेडला वर्तुळाचा बरोबर पाव भाग लागतो.

आता मांडणी. बल्ब मध्यभागी असतो, त्यामुळे शेडचा मधला पट्टा सर्वात जास्त उजळतो आणि वरच्या-खालच्या कडा मंद राहतात. फुलांचे मोठे घोस या मधल्या पट्ट्यात ठेवा. कडांजवळ दाट रंग लावला तर तो भाग मेल्यासारखा दिसतो. तिथे बारीक काटक्या, एखादी कळी पुरे. सांध्यावर खोड, खोडातून दोन्ही बाजूंना निघालेल्या फांद्या, आणि फांद्यांची टोकं सांध्याच्या अगदी समोरच्या बाजूला एकमेकांजवळ येऊन थांबलेली. दिवा ठेवताना सांधा भिंतीकडे जातो आणि समोर फुलं येतात. निदान निम्मं कापड कोरं राहू द्या. शेडचं पहिलं काम खोलीत उजेड देणं हे आहे, आणि चित्रालाही श्वास घ्यायला जागा लागते.

फांदी काढताना खरी फांदी बघा, नाहीतर फोटो. पळसाची फांदी सरळ जात नाही. प्रत्येक गाठीशी दिशा बदलते. पानं काढायचा मोह होईल. बहराच्या वेळी झाड जवळजवळ निष्पर्ण असतं, तेव्हा पानं नकोत; एखादं काढलंत तर पळसाला पानं तीनच, आणि त्यातलं पुढचं पान बाजूच्या दोघांपेक्षा मोठं.

पेन्सिल न टेकवता चित्र उतरवणं

कापडावर पेन्सिलीच्या रेघा मारू नका. खोडरबराने पोत विस्कटतो आणि उरलेली रेघ रात्री ठळक दिसते. त्याऐवजी आराखडा काळ्या मार्करने जाड गिरवा, कागद गुंडाळून शेडच्या आत सरकवा आणि टेपने कापडाला अगदी चिकटून बसवा. चित्राची बाजू बाहेर, कापडाकडे असली पाहिजे. नाहीतर चित्र उलटं दिसेल. मग शेडच्या मध्यभागी बॅटरीवरचा छोटा एलईडी दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च उभा करा आणि खोलीतला उजेड मंद करा. आराखडा कापडातून स्पष्ट दिसतो आणि त्यावरून थेट ब्रश चालवता येतो. कागद कापडापासून सुटला तर रेघा धूसर होतात, तेव्हा टेप नीट लावा.

इथे विजेचा दिवा वापरू नका. ओला ब्रश, पाण्याचं भांडं आणि प्लगला जोडलेला होल्डर एकत्र नकोत. शेड लॅम्पवरून काढून, टेबलावर टॉवेलची वळी करून त्यात आडवी ठेवा. रंगवायचा भाग नेहमी वरच्या बाजूला असू द्या, म्हणजे रंग ओघळत नाही.

रंगवणं

फुलं आधी, फांद्या नंतर. फिक्यावर गडद चढतो. उलटं करून चालत नाही.

एक पळसफूल जवळून बघू. फूल ४-५ सेंमीचं असतं, शेडवर ते ३ सेंमीचं काढलं तरी ठीक. पाकळ्या पाच : मागे वळलेली एक रुंद, दोन बाजूंच्या लहान, आणि पुढच्या दोन जुळून झालेली पोपटाच्या चोचीसारखी वाकडी पाकळी. सगळ्या वेगवेगळ्या दाखवण्याची गरज नाही. एक रुंद पाकळी आणि एक वाकडी चोच एवढ्यावर पळस ओळखू येतो.

बशीत तीन छटा तयार ठेवा : पिवळ्याकडे झुकणारी नारिंगी, भर नारिंगी आणि लालसर नारिंगी. तिन्हींत मीडियम भरपूर. ४ नंबरचा ब्रश भर नारिंगीत बुडवा, जास्तीचा रंग बशीच्या कडेला निथळू द्या. पाकळी देठाकडून टोकाकडे एका दमात ओढा : सुरुवातीला ब्रश दाबलेला, टोकाशी उचललेला. पाकळीच्या वरच्या कडेला केसाएवढी कोरी पट्टी सोडा. रात्री तीच पट्टी पाकळीची उजळ कड होते. रंग ओला असतानाच देठाजवळ लालसर नारिंगीचा एक थेंब टेकवा आणि त्याला आपसूक मिसळू द्या. एवढंच. ब्रश परत फिरवायचा नाही. वाळत आलेल्या रंगावरून पुन्हा ब्रश नेला की तिथे दोन थर साचतात. दिवसा त्याचा पत्ता लागत नाही, रात्री मात्र प्रत्येक फटकारा वेगळा दिसतो.

हाच दोष आपल्याला वापरूनही घेता येतो. पहिली पाकळी पूर्ण वाळल्यावर दुसरी तिच्यावर थोडी चढवून काढा. जिथे दोन्ही एकमेकांवर येतात तिथला रंग आतून उजेड आल्यावर गडद दिसतो आणि पाकळी पाकळीच्या मागे गेल्याचा भास होतो. बाह्यरेषा काढायची गरजच राहत नाही. घोसातली मागची फुलं पिवळसर आणि पुसट ठेवा, पुढची लालसर.

फुलं वाळली की पेला आणि देठ. पेला गडद तपकिरी-काळा, मखमली. काळ्यात बर्न्ट सिएना मिसळून, मीडियम न घालता, ० नंबरच्या ब्रशने छोटी वाटी काढा. मग टॉर्च आत धरून बघा. एका हातात रंगवलेल्या काळ्या भागात विणीच्या फटींतून सुईच्या टोकाएवढे असंख्य ठिपके चमकत असतील. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने द्या, ठिपके बुजतात. फांद्यांनाही तेच. खोड सपाट ब्रशने काढा. तिथे मात्र काही ठिकाणी एकच हात ठेवा. त्या झिरझिरीत भागातून सालीचा खडबडीतपणा आपोआप दिसतो.

दर दोन-तीन फुलांनंतर टॉर्च लावून लांबून बघत जा. रंग ओला असताना आणि वाळल्यावर उजेडात वेगळा दिसतो, म्हणून निर्णय वाळल्यावरच घ्या.

रंगाचा शिंतोडा कोऱ्या कापडावर पडला तर पुसू नका, पसरेल. टिपकागद किंवा सुती चिंधी वरून दाबून टिपा, मग किंचित ओल्या इअरबडने मधल्या दिशेने उचला. तरी डाग राहिला तर तिथे कळी काढा. पळसाच्या कळ्या काळपट, मखमली आणि कुठेही शोभणाऱ्या असतात.

फक्त रात्री येणारे पक्षी

मला या सगळ्यात सर्वात जास्त आनंद देणारा भाग हा. शेडच्या बाहेर पक्षी काढायचेच नाहीत. जाड काळ्या कार्डपेपरमधून त्यांचे आकार कापा आणि शेडच्या आतल्या बाजूला, नेमक्या फांद्यांवर बसतील असे चिकटवा. दिवसा शेडवर नुसती फुललेली फांदी दिसते. दिवा लावला की त्याच फांद्यांवर पक्षी येऊन बसलेले असतात.

पळसावर खरंच येणारे पक्षी निवडा, आणि त्यातही असे, की नुसत्या सावलीवरून ओळखू येतील. कोतवाल त्याच्या दुभंगलेल्या लांब शेपटीने, बुलबुल डोक्यावरच्या तुऱ्याने, पोपट टोकदार शेपटीने, शिंजीर आपल्या एवढ्याशा अंगाने आणि खाली वाकलेल्या बारीक चोचीने. चार-पाच पुरेत, एखादा जोडीने, एखादा एकटा. कापण्यासाठी लहान टोकदार कातरी वापरा, आणि चोच व शेपटी शेवटी कापा.

जागा ठरवायला दुसरं माणूस हवं. एकाने आतून पक्षी कापडाला टेकवून धरायचा, टॉर्च चालू ठेवायचा, आणि दुसऱ्याने बाहेरून सांगायचं : थोडा वर, थोडा डावीकडे. पक्ष्याचे पाय फांदीच्या काळ्या रेषेत बुडले की तो बसल्यासारखा दिसतो. वर राहिले तर हवेत लटकतो. आतून चिकटवलेला आकार बाहेरून उलट्या तोंडाचा दिसतो हेही ध्यानात ठेवा. प्लॅस्टिकच्या अस्तरावर पांढरा फेव्हिकॉल नीट धरत नाही, डबल टेप लावा. पक्षी पूर्ण सपाट बसला पाहिजे. कड उचललेली राहिली तर सावली पसरट येते.

आकाशात दोन-चार चांदण्या हव्या असतील तर दाभणाने शेडला बारीक भोकं पाडता येतात. आतून जाड घडीचा टॉवेल धरायचा आणि बाहेरून टोचायचं. आंध्र प्रदेशात धर्मावरमजवळच्या निम्मलकुंटा गावातले कारागीर बकऱ्याच्या पारदर्शक कातड्याच्या लॅम्पशेड करतात, त्यांत अशाच टोचलेल्या भोकांतून दागिने आणि वेलबुट्टी उजळते. त्यांचे पूर्वज याच तंत्राने छायानाट्याच्या बाहुल्या करत. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकारांनी चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेलाच्या दिव्यापुढे बाहुली धरल्यावर कोणता रंग पेटतो आणि कोणता विझतो, हे या लोकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. संधी मिळाली तर पिंगुळीला जाऊन पडद्यामागचा उजेड बघाच. शेड रंगवणाऱ्याने शिकावं असं तिथे खूप आहे.

वारली काढायची असेल तर

वारली चित्र काढलेल्या शेड बाजारात दिसतात, आणि बहुतेकांत तोच घोटाळा असतो : गेरूच्या रंगावर पांढऱ्या आकृत्या. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग उठून दिसतो, कारण उजेड समोरून येतो. शेडवर गेरूही उजेड अडवतो आणि पांढराही. दिवा लावला की सगळं एकसारखं तपकिरी होतं. शेडसाठी रंग उलटा करा : कोऱ्या पांढऱ्या कापडावर गडद तपकिरी आकृत्या. तारपा नाच याला फार चांगला, कारण हातात हात घातलेली रांग दंडगोलावर फिरत जाते आणि तिला सुरुवात-शेवट राहत नाही. लग्नातला चौक मात्र मी दिव्यावर काढणार नाही. त्यात पालघाट देवी असते आणि ते चित्र लग्नविधीसाठीच काढलं जातं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदा-कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकनही आहे. तेव्हा घरासाठी हौसेने काढा, पण विकायला ठेवायची असेल तर शेड वारली कलाकाराकडूनच रंगवून घ्यावी असं मला ठामपणे वाटतं.

वाळवणं, पक्कं करणं, कडा

फॅब्रिक कलर पक्का करायला कापड उलट्या बाजूने इस्त्री करायला सांगतात. ते साडीला, उशीच्या अभ्र्याला ठीक. प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या शेडला इस्त्री लावायची नाही, अस्तर वितळतं आणि कापड फुगतं. शेड धुवायची नसते, त्यामुळे नुसतं नीट वाळणंही पुरतं. पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा. कोकणात, पावसाळ्यात आठवडाभर. उन्हात ठेवू नका. घाई असेल तर हेअर ड्रायर कमी तापमानावर, हातभर लांबून. रंग पूर्ण वाळेपर्यंत बल्ब लावू नका.

वरच्या-खालच्या कडेला बोटांचे डाग पडलेच असतील. त्यावर सुती बायस पट्टी किंवा खणाच्या कापडाची एक सेंमी रुंद पट्टी दुमडून फॅब्रिक ग्लूने लावा. पळसाच्या फांद्यांशी जुळणारी काळी-तपकिरी पट्टी सर्वात चांगली दिसते. पट्टीचं टोक सांध्यावर आणून संपवा. चमचमती लेस नको, लक्ष तिकडेच जातं.

वापरताना महिन्यातून एकदा मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झाडा. ओलं फडकं लावलं तर कोऱ्या कापडावर पाण्याची वलयं उमटतात, आणि ती नेमकी दिवा लावल्यावर दिसतात. आतल्या बाजूची धूळही विसरू नका. ती साचली की उजेड पिवळा पडतो. झाडताना पक्ष्यांच्या शेपट्या सांभाळा, आणि एखाद्याची टेप सुटली असेल तर तेव्हाच नवी लावून टाका.